मुहूर्तापासून मागें मोजावें

गेल्या वर्षीं आषाढाच्या आरंभीं, पाऊस नुकताच धरला असतां, आमची भाची आपल्या तीन सोबत्यांस घेऊन घरीं आली. दोन मुली व दोन मुलगे. चौघेंहि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचीं, संगणकशाखेचीं. चहा झाल्यावर तिनें पिशवींतून आपला लॅपटॉप काढला व म्हणाली, “मामा, यंदा आम्ही तुमच्या वाचनालयाचें सॉफ्टवेअर करणार. हा बघा आमचा रोडमॅप.”

पडद्यावर एक देखणा तक्ता होता. जुलैखालीं ‘अभ्यास’, ऑगस्ट-सप्टेंबरखालीं ‘आराखडा’, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ‘लेखन’, फेब्रुवारींत ‘तपासणी’ आणि मार्चांत ‘सादरीकरण’. प्रत्येक पट्टीस निराळा रंग, आणि एक पट्टी संपली कीं दुसरी तिच्या खालून पायरीसारखी सुरू झालेली. आम्हीं चष्मा लावून तो तक्ता दोनदां पाहिला आणि एवढेंच विचारलें, “दसऱ्याच्या दिवशीं यांतलें काय आम्हांस चालवून बघतां येईल?”

चौघेंहि एकमेकांकडे पाहूं लागलीं. शेवटीं त्यांतला एक मुलगा म्हणाला, “काका, दसऱ्याला आमचा आराखडा पुरा झालेला असेल.”

“म्हणजे कागद?”

“हो, कागदच.”

हा प्रश्न आम्हीं उगाच केला नव्हता. आमच्या पेठेंतील एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही आहों. तीन वर्षांपूर्वीं अशीच एक विद्यार्थीमंडळी तेथें आली होती. मुलें हुषार होतीं, विनयशील होतीं, आणि त्यांच्याजवळहि असाच तक्ता होता. मार्गदर्शकांची सही हवी म्हणून एकाच संध्याकाळीं तो तयार झाला होता, आणि सही मिळाल्यावर तो पुन्हां कोणींच उघडला नाहीं. मुलें महिन्यामहिन्यानें येत. आम्ही मंडळाचे लोक दर खेपेस एकेक नवी हौस सांगत असूं. कोणी म्हणे, दंडाचा हिशेब आपोआप व्हावा. कोणी म्हणे, सभासदाचें छायाचित्र दिसावें. कोणास पुस्तकांची यादी मोबाईलवर हवी होती. मुलें संकोचानें ‘होय’ म्हणत, आणि तें ‘होय’ कोणत्याहि तक्त्यांत उतरत नसे. इकडे आमच्या ग्रंथपालबाई रोज संध्याकाळीं एक तास अधिक बसून त्या अर्धवट सॉफ्टवेअरमध्यें पुस्तकांच्या नोंदी करीत होत्या. तीन हजार नोंदी त्यांनीं एकटीनें केल्या.

शेवटच्या पंधरवड्यांत काय झालें तें आम्हांस मागाहून कळलें. सगळें काम एकाच मुलाच्या लॅपटॉपवर होतें. तो रात्रीच्या रात्री जागत होता, आणि बाकीचे तिघे अहवाल बांधून घेण्यापलीकडे कांहीं करूं शकत नव्हते; कारण त्याच्या कामांत हात घालण्याइतकें तें कोणासच ठाऊक नव्हतें. परीक्षेच्या दिवशीं सॉफ्टवेअर दहा मिनिटें चाललें. गुण चांगले मिळाले. पुढें तो मुलगा नोकरीस परगांवीं गेला. वाचनालयाच्या संगणकावर तें सॉफ्टवेअर एकदांहि चाललें नाहीं, आणि त्यांतल्या तीन हजार नोंदी बाहेर काढण्याची वाट कोणास सांपडली नाहीं. बाईंनीं कार्डांचे खण पुन्हां उघडले. आम्हांस त्याहून लागलेली गोष्ट अशी कीं, ते चार मित्र आज एकमेकांशीं बोलत नाहींत. एकट्यानें सगळें केलें म्हणून तो रागावला. आपणांस कांहीं करूंच दिलें नाहीं म्हणून तिघे रागावले. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. आणि आमचा दोषहि त्यांत कमी नव्हता.

हा सगळा अनर्थ आळसाचा नव्हे, चुकीच्या तक्त्याचा होता, असें आमचें मत झालें आहे. तें थोडें उलगडून सांगतों.

असे आडवे पट्टे हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियरानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ केले. कारखान्यांत आणि गोदींत त्यांचा उपयोग उघड होता. दिवसाकाठीं किती नग तयार झाले तें मोजावें आणि तितका पट्टा भरावा. सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. तेथें ‘ऐंशी टक्के झालें’ असें म्हणणाऱ्याजवळ मोजपट्टी नसते. उरलेले वीस टक्के किती महिने घेतील हें तोहि सांगूं शकत नाहीं. म्हणून तेथें पट्टा भरत जातो आणि काम जागच्या जागीं राहतें.

पायऱ्यांच्या चित्राचा इतिहास तर फारच बोधप्रद आहे. १९७० सालीं विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञानें मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थेवर एक निबंध लिहिला. गरजा, आराखडा, लेखन, तपासणी अशा पायऱ्या एकाखालीं एक काढलेलें चित्र त्यांत होतें. तें जगभर पसरलें. परंतु या रीतीनें काम करणें धोक्याचें असून त्यांतून अपयश ओढवतें, असें रॉइस यांनींच त्या निबंधांत बजावलें होतें, तिकडे लोकांचें लक्ष गेलें नाहीं. कारण साधें आहे. केलेलें चालतें कीं नाहीं हें तपासणींत प्रथम कळतें, आणि तपासणी तर सर्वांत शेवटीं. तेथें चूक निघाली तर ती सुधारण्यास वेळच उरलेला नसतो. आमच्या भाचीच्या तक्त्यांत फेब्रुवारीपूर्वीं काय चालतें हें पाहण्याची सोय कोठेंच नव्हती.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं आय.बी.एम. कंपनींत सिस्टिम/३६० या संगणकमालिकेच्या सॉफ्टवेअरची प्रचंड जबाबदारी वाहिली होती. तो अनुभव त्यांनीं १९७५ सालीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकांत सांगितला. त्यांचा अंदाज असा कीं, एकूण वेळाचा एकतृतीयांश विचारांत व आंखणींत जावा, केवळ एकषष्ठांश प्रत्यक्ष लेखनांत, आणि उरलेला अर्धा तपासणींत. आमच्या मंडळीनें नऊ महिन्यांपैकीं तपासणीस एकच महिना दिला होता. ब्रुक्स यांचा दुसरा सिद्धांत त्याहून प्रसिद्ध आहे: उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर उशीर वाढतो. नव्यांस जुन्यांनीं शिकवावें लागतें. शिवाय माणसें वाढलीं कीं त्यांच्यांतील बोलण्याच्या वाटा त्याहून वेगानें वाढतात. चौघांत अशा जोड्या सहा, आठांत अठ्ठावीस. त्या जागणाऱ्या मुलाच्या मदतीस शेवटच्या आठवड्यांत तिघे धांवले असते तरी कांहीं लाभ न होता, तो याचमुळें.

आतां कोणी म्हणेल, मुलांना आपल्या कामाचा अंदाज नसावा काय? तर तो कोणासच नसतो. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन व मायकेल रॉस यांनीं १९९४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांस त्यांनीं विचारलें कीं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलें ३३.९ दिवस. सर्व कांहीं वाईटांत वाईट घडलें तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्ष लागले ५५.५ दिवस. म्हणजे अत्यंत निराश होऊन केलेला अंदाजहि खरा वेळ गांठूं शकला नाहीं. आपण अंदाज करितों तेव्हां कामाचेंच चित्र डोळ्यांपुढें असतें. ताप, पाहुणे, वीज जाणें, मध्येंच आलेली परीक्षा हीं त्या चित्रांत नसतात.

मग करावें काय? याचें उत्तर आमच्या वाचकभगिनींस परकें नाहीं. घरांत लग्न ठरलें म्हणजे आज काय करावें असा विचार प्रथम कोणी करीत नाहीं. मुहूर्त धरून मागें मोजीत यावें लागतें. मुहूर्त वैशाखांतला, म्हणजे पत्रिका फाल्गुनांत छापून हव्यात, म्हणजे कार्यालय त्याआधीं ठरावें, आणि कार्यालय ठरण्यापूर्वीं पाहुण्यांचा आंकडा हवा. कोणतें काम कोणत्या कामावाचून अडेल हें घरच्या वडील बाईस तोंडपाठ असतें. पापड-कुरडया उन्हांतच वाळतात, पावसांत नव्हे, हें तिला कोणीं शिकवावें लागत नाहीं. आणि रुखवत थोडें कमी झालें तरी मुहूर्त टळूं द्यावयाचा नाहीं, हेंहि ती जाणते.

त्या दुपारीं आम्हीं मुलांस हेंच करावयास लाविलें. तक्ता बाजूस ठेवून एक पाठकोरा कागद घेतला. प्रथम हाताशीं असलेला वेळ मोजला. जुलैच्या आरंभापासून मार्चअखेर ३९ आठवडे. त्यांतून पहिल्या सत्राची परीक्षा व तिचा अभ्यास ६, मधल्या चांचण्या ४, नोकरीच्या मुलाखती ३, दिवाळी २ आणि गणपति १, असे १६ आठवडे वजा केले. उरले २३. आठवड्यास प्रत्येकीं सहा तास याहून अधिक खरोखर मिळणार नाहींत, हें त्यांनीं थोडें लाजत कबूल केलें. म्हणजे चौघांचे मिळून ५५२ तास. त्यांतला चवथा हिस्सा, १३८ तास, अडीअडचणीसाठीं बाजूस काढला. हातीं राहिले ४१४.

मग मनांतलीं सर्व कामें लिहून प्रत्येकापुढें तास घातले. ते तास ज्यानें तें काम करावयाचें त्यानेंच घालावयाचे, दुसऱ्यानें नव्हे, एवढा नियम आम्हीं केला. बेरीज आली ६१०. चौघें गप्प झालीं. “जास्त जागलों तर?” असें एकानें विचारलें. भाची म्हणाली, “तीन वर्षांपूर्वीं तेंच केलं होतं ना त्यांनी?” मग मोबाईलवरील ॲप गेलें, ११० तास. ‘हें पुस्तक आवडलें असेल तर तें वाचा’ अशी शिफारस गेली, ६० तास. मोबाईलवर पाठवावयाचे स्मरणसंदेश गेले, ३० तास. राहिलीं ४१० तासांचीं कामें. गेलेल्या तिन्ही गोष्टी ‘यंदा करणार नाहीं’ अशा मथळ्याखालीं लिहून मुलांनीं त्या कागदावर आमची सही घेतली. तीन वर्षांपूर्वीं अशा कागदावर मंडळाची सही असती तर आमच्या हौशीस तेथेंच आळा बसला असता.

त्यानंतर क्रम. पहिला टप्पा दसरा. त्या दिवशीं वाचनालयाच्या टेबलावर, तेथल्याच संगणकावर, एक पुस्तक एका सभासदास द्यावयाचें आणि परत घ्यावयाचें. बाकी कांहीं नाहीं. रंग नकोत, छायाचित्र नको, दंड नको. पण टेबलापासून नोंदीपर्यंतचा सबंध धागा मात्र अखंड हवा. कारण संगणक जुना आहे, इंटरनेट मध्येंच जातें, बाईंना कोणता शब्द कळत नाहीं, या गोष्टी कागदावर कधींच कळत नाहींत. दुसरा टप्पा दत्तजयंती: पुस्तकांच्या नोंदी, आणि त्या केव्हांहि एका साध्या तक्त्यांत उतरवून घेतां येण्याची सोय. तिसरा संक्रांत: वर्गणी, अनामत व दंड. चवथा महाशिवरात्र: चुकांची दुरुस्ती आणि बाईंचें शिक्षण. मार्च सगळा मोकळा. ग्रंथपालबाईंनीं मुलांच्या मदतीवांचून स्वतः करून पाहिलें म्हणजे काम ‘झालें’. त्याआधीं ‘नाहीं झालें’. मधले टक्के बंद.

काम करण्याचें ठिकाणहि त्याच दिवशीं ठरलें. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं केलेलें ‘गिट’ नांवाचें साधन आहे; कोणीं, केव्हां, काय बदललें याची अखंड नोंद तें ठेवतें, आणि बदल फसला तर मागें फिरतां येतें. ‘गिटहब’ या संकेतस्थळावर मुलांनीं आपलें सर्व लेखन ठेवलें. तेथें प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करितां येते, तिच्यावर करणाऱ्याचें नांव घालतां येतें, आणि चिठ्ठ्या तारखेच्या टप्प्याखालीं गोळा करितां येतात. मुलांनीं प्रत्येक चिठ्ठीवर दोन नांवें घातलीं. एक करणाऱ्याचें, दुसरें तें वाचून समजून घेणाऱ्याचें. दर शनिवारीं अर्धा तास सर्वांनीं बसावयाचें व तीनच गोष्टी सांगावयाच्या: काय झालें, काय अडलें, तक्त्यांत काय बदलावें. बदल अवश्य करावा. पण जुनी तारीख खोडून टाकूं नये, तिच्याशेजारीं नवी लिहावी व कारण लिहावें.

येथें त्या मंडळींतल्या एका मुलानें शंका काढली. तो म्हणाला, “काका, हल्लीं सगळे अजाइल पद्धत वापरतात. तींत योजना नसतेच.” हा समज पुष्कळांचा आहे. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत युटा प्रांतीं सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ जमले व त्यांनीं त्या पद्धतीचा जाहीरनामा काढला. योजनेस चिकटून राहण्यापेक्षां बदलास सामोरें जाणें त्यांनीं अधिक मोलाचें मानलें, हें खरें. पण योजनेसहि मोल आहे, हें त्याच जाहीरनाम्यांत नमूद आहे. वाट बदलावयाची तर आधीं वाट ठरलेली असावी लागते.

दसऱ्यास काय झालें तें सांगितलें पाहिजे. मुलांचें सॉफ्टवेअर वाचनालयाच्या संगणकावर प्रथम उघडलेंच नाहीं. तो त्यांच्या अपेक्षेहून फार जुना निघाला. मुलांचे चेहरे उतरले. पण तो दिवस दसऱ्याचा होता, मार्चचा नव्हे. पुढच्या दोन शनिवारांत त्यांनीं वाट काढली, आणि बाईंनीं एका सभासदास पहिलें पुस्तक दिलें. नोंदींचें काम पुन्हां त्यांच्याच गळ्यांत पडणार म्हणून त्या प्रथम नाखूष होत्या. “उद्यां हें बंद पडलं तर माझ्या नोंदी मला परत मिळतील का?” असें त्यांनीं विचारलें. भाचीनें दुसऱ्या टप्प्यांतलें तेवढेंच काम आधीं घेतलें, बाईंच्या देखत दहा नोंदी बाहेर काढून छापल्या आणि तो कागद त्यांच्या हातीं दिला. बाईंनीं तो खणांत ठेवला व दुसऱ्या दिवसापासून नोंदीस बसल्या.

जानेवारींत एका मुलाच्या वडिलांस इस्पितळांत ठेवावें लागलें. तो पांच आठवडे येऊं शकला नाहीं. त्याच्या चिठ्ठीवर दुसरें नांव होतें, म्हणून काम अडलें नाहीं, मंदावलें मात्र. दंडाचा हिशेब संक्रांतीवरून महाशिवरात्रीवर गेला. ती जुनी तारीख, नवी तारीख आणि शेजारीं ‘घरचें आजारपण’ हे शब्द आजहि त्या तक्त्यांत आहेत. तो मुलगा परतला तेव्हां कोणीं त्याला ‘तूं नव्हतास’ म्हणून ऐकविलें नाहीं, कारण बाजूस काढून ठेवलेले १३८ तास अशाच दिवसांसाठीं होते.

गुढीपाडव्यापासून आमच्या वाचनालयाची देवघेव या सॉफ्टवेअरवर चालली आहे. तें मोठें नाहीं. मोबाईलवर यादी दिसत नाहीं, म्हणून मंडळांतले एक सद्‌गृहस्थ अजून कुरकुरतात. त्यांना आम्ही आमची सही दाखवितों. नोंदी सध्यां चार हजारांवर गेल्या आहेत. बाई दर शनिवारीं त्यांची प्रत काढून खणांत ठेवतात. कार्डांचे खणहि अद्याप हलविलेले नाहींत, आणि तें त्यांचें सावधपण आम्हांस योग्यच वाटतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं शेवटच्या वर्षाचीं मुलें-मुली असतील. त्यांस आपण सहज विचारतों, “प्रोजेक्ट किती झालं?” आणि ‘ऐंशी टक्के’ हें उत्तर ऐकून समाधान मानतों. त्याऐवजीं, “आज काय चालतें तें दाखव पाहूं,” असें विचारावें. आणि तें दाखवितांना आपल्या सोबत्यांपैकीं कोणाचें नांव तिच्या तोंडीं येतें व कोणाचें येत नाहीं, इकडे कान द्यावा. ज्याचें नांव येत नाहीं, त्याच्याविषयीं त्याच वेळीं विचारणें बरें. मार्चांत तें विचारून उपयोग नसतो. आमच्या घरीं यंदा निकालानंतर चौघेंहि पुन्हां जेवावयास आलीं होतीं, आणि पाटावरून उठेपर्यंत पुढच्या वर्षीं मोबाईलचें ॲप कोणीं करावें यावर वाद घालीत होतीं.